हळदीची सुपारी

डीजे व्हायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे होतं काय, तर जुना लॅपटॉप आणि फुकटचं सॉफ्टवेअर. कंट्रोलरला, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी हाताने जुळवायच्या यंत्राला, पैसे नव्हते, म्हणून गावातल्या साउंडवाल्या दादाकडे केबल गुंडाळायला लागलो. आमच्या उरण-पनवेल पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी, त्यामुळे कामाला तोटा नाही. टेम्पोतून बेसचे स्पीकर उतरवायचे, त्यांच्यावर टॉपचे चढवायचे, जनरेटरपासून वायर ओढायची, रात्री सगळं परत भरायचं. रोज तीनशे रुपये. दोन सीझन हेच.

चिडचिड व्हायची, पण शिकलोही तिथेच. एकदा स्पीकरमधून सारखी घूंऽऽ येत होती. दादाने मिक्सरला हातही लावला नाही. लॅपटॉपचा चार्जर उपसला, आवाज गायब. अर्थिंगचा घोळ होता.

मग सेकंडहँड कंट्रोलर घेतला, डीडीजे-४००. घरी सराव केला तो हाऊसवर, म्हणजे मिनिटाला १२४-१२८ एकसारखे ठोके पडणाऱ्या क्लबच्या संगीतावर, आणि ठोके जुळायला लागल्यावर वाटलं, जमलं! पहिली हळद मित्राच्या बहिणीची, अर्थात फुकट. तिथे पार माती झाली. आपली कोळीगीतं बरीचशी सहाच्या ठेक्यातली, सॉफ्टवेअर मोजतं चारात. त्यात जुनी गाणी माणसांनी बसून वाजवलेली, मध्येच जरा धावतात. मी ठोके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण दाबलं आणि दोन ढोलक्या एकमेकींवर आपटल्या. नाचणाऱ्या बायका थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. असल्या गाण्यांना मिक्स करायच्या फंदात मी आता पडत नाही. मुखडा संपला की इको सोडतो, क्षणभर शांत, आणि पुढचं गाणं थेट ठेक्यावर. सफाई दुसऱ्या डीजेला कळते. मांडवाला पाय थांबलेले चालत नाहीत.

दुसऱ्या कामाचे पाचशे आणि मटणाचं जेवण. तिसऱ्याचे अडीच हजार ठरले, त्यातले हजार अजून यायचेत. हळद संपली तेव्हा नवऱ्याचे काका झोपलेले, बाकीचे म्हणाले, "उद्या ये ना भाऊ." तेव्हापासून विसार घेतल्याशिवाय तारीख लिहीत नाही, आणि उरलेले पैसे पंगती उठायच्या आत. मला मागायला लाज वाटते, म्हणून फोन आई करते. तिला आजवर कोणी 'उद्या' म्हटलेलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू, पावसाळा कोरडा. त्या कोरड्या दिवसांत बेलापूरच्या एका बारमध्ये शुक्रवार मिळाला. तिथे जुने सीडीजे, म्हणजे पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारे डीजेचे प्लेअर. पेनड्राइव्ह लावला, तर स्क्रीनवर काहीच नाही. मी तो एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीत फॉरमॅट केलेला, आणि ती मशीन्स एनटीएफएस वाचत नाहीत. मॅनेजरच्या लॅपटॉपवर फॅट३२ करून गाणी परत भरेपर्यंत गिऱ्हाइकांनी क्रिकेटची कॉमेंटरी ऐकली. आता खिशात दोन पेनड्राइव्ह असतात, दोन्हींवर तीच गाणी.

आज साउंड सोडून माझे एका हळदीचे आठ हजार होतात. भांडण होतं ते वेळेवरून. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद, आणि मांडव रंगात येतो साडेनऊला. सुपारी घेतानाच सांगतो, सातला चालू करू. सगळे हो म्हणतात. सातला मांडवात मी आणि खुर्च्या.

त्यात धवलारीण आजी, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी गाणाऱ्या, बसल्या की माझं सगळं बंद. त्या धवले गातात, बायका मागून ओढतात, मी हेडफोन मानेवर टाकून उभा. पूर्वी तेवढा वेळ नुसतं घड्याळ बघायचो. गेल्या मे महिन्यात धवला कधी संपला तेही कळलं नाही. आजीच वळून म्हणाल्या, "लाव रं पोरा तुजा आता." नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.