जिम मार्शल आणि 282 सामने

आधी एक बेरीज करू. मिनेसोटा व्हायकिंग्ज हा संघ एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, 1961 साली उतरला. तेव्हा हंगाम 14 सामन्यांचा असायचा, 1978 पासून तो 16 सामन्यांचा झाला. सतरा हंगाम चौदाच्या हिशेबाने धरले तर 238 होतात आणि पुढच्या दोन हंगामांचे 32. एकूण 270. जिम मार्शल व्हायकिंग्जकडून बरोबर 270 सामने खेळला आणि 270 च्या 270 सामन्यांत सुरुवातीपासून मैदानावर होता. म्हणजे संघाच्या पहिल्या सामन्यापासून 1979 च्या अखेरपर्यंत लीगमधला एकही सामना या संघाने त्याच्याशिवाय खेळला नाही. त्याआधी 1960 मध्ये तो क्लीव्हलंड ब्राउन्सकडून 12 सामने खेळला होता. सगळे मिळून 282, तेही सलग. प्लेऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचे, सामने यात धरलेलेच नाहीत.

ही बेरीज मी कागदावर पुन्हा पुन्हा करून पाहिली आहे, कारण माझा व्यवसाय फिजिओथेरपीचा. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे आणि कंबर बघत असते. मार्शल खेळायचा ती जागा होती उजव्या बाजूच्या डिफेन्सिव्ह एंडची, म्हणजे संरक्षक फळीच्या उजव्या टोकाची. एक हात जमिनीला टेकवून वाकून बसायचं, चेंडू हलला की झेप घ्यायची, आणि समोरच्या आक्रमक फळीतला टॅकल, जो आपल्याइतकाच किंवा आपल्याहून दांडगा असतो, त्याच्या छातीत शिरून वाट काढायची. हे एका सामन्यात पन्नास-साठ वेळा. पुढून टॅकल रेटतो, तेवढ्यात बाजूने कोणीतरी पायांत सूर मारतो. त्या वेळी पाय जमिनीत घट्ट रोवलेला असेल तर गुडघ्याचा लिगामेंट जातोच. पाय हलता असेल तर बहुतेक वेळा माणूस नुसता पडतो आणि उठतो.

मार्शलचे पाय सतत हलते असायचे. त्याच्या जुन्या फिल्म बघताना मी चेंडूकडे बघतच नाही, 70 नंबरच्या जर्सीकडे बघते. टॅकलला तो अंगाने भिडून राहत नाही. हाताने त्याचा हात झटकतो, खांदा खाली घालून बाजूला सरकतो आणि पावलं लहान ठेवतो. खेळ त्याच्या मागे गेला की जागच्या जागी वळून परत धावत सुटतो, वीस यार्डांवरच्या चेंडूसाठीसुद्धा. त्याचं वजन साधारण 112 किलो, त्या जागेसाठी काही फार नव्हे. माझ्या मते तो इतकी वर्षं टिकला यात या चपळाईचा वाटा मोठा आहे. नशीबही होतंच, पण एकोणीस-वीस हंगाम नुसत्या नशिबावर कुणी काढत नाही.

आणि दुखणी काय कमी होती? न्यूमोनिया झाला म्हणून इस्पितळात दाखल केलं, तर रविवारी तिथून उठून सामना खेळायला आला. अल्सरच्या वेळीही तेच. माझ्या पेशंटने असं केलं तर मी त्याला रागावेन, आणि आजचे डॉक्टर कुणाला असं खेळू देणार नाहीत, तेच योग्य आहे. तरी त्या माणसाला संघ म्हणजे काय वाटत होतं, हे यातून कळतं.

आता त्या धावेबद्दल. मार्शलचं नाव काढलं की दहांतले नऊ जण तीच आठवण सांगतात, म्हणून ती नीट सांगायला हवी. 25 ऑक्टोबर 1964, सॅन फ्रान्सिस्कोचं केझार स्टेडियम. तिथल्या फोर्टीनायनर्स संघाच्या बिली किल्मरच्या हातून चेंडू निसटला. मार्शलने तो उचलला आणि पळत सुटला, 66 यार्ड, पण उलट्या दिशेने, थेट स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या आपल्याच टोकाच्या पट्टीत. साइडलाइनवरून सहकारी जिवाच्या आकांताने ओरडत होते. त्याला वाटलं, टचडाउन झाला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या एंड झोनमध्ये नेऊन सहा गुण मिळवले. आनंदाने त्याने चेंडू बाहेर भिरकावला, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना सेफ्टीचे, म्हणजे चेंडू आपल्याच एंड झोनमधून बाहेर गेल्याचे, दोन गुण मिळाले. त्यांच्या आक्रमक फळीचा सेंटर (मधला खेळाडू) ब्रूस बॉस्ली येऊन आभार मानून गेला, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं.

एवढंच सगळे सांगतात. त्याच सामन्यात मार्शलने फोर्टीनायनर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करून चेंडू फेकणारा खेळाडू, जॉर्ज मिरा याला धडक देऊन चेंडू सोडायला लावला, आणि तो उचलून मार्शलचा सहकारी कार्ल एलरने टचडाउन केला, हे कोणी सांगत नाही. व्हायकिंग्ज 27–22 जिंकले. पाच गुणांचा फरक, आणि एलरचा टचडाउन एकटाच सहा गुणांचा. तो नसता तर सामना हातचा गेला असता. मला या अर्धवट सांगण्याचा मनापासून राग येतो. ज्याने आपल्या कारकिर्दीत प्रतिस्पर्ध्यांचे 29 फंबल, म्हणजे हातून निसटलेले चेंडू, ताब्यात घेतले, त्याला एका फंबलवरून ओळखायचं?

ती चूक घडली तेव्हा तो 26 वर्षांचा होता. त्यानंतर अजून पंधरा हंगाम खेळला. ॲलन पेज, कार्ल एलर, गॅरी लार्सन आणि मार्शल या चौघांना पर्पल पीपल ईटर्स म्हणत. 'क्वार्टरबॅकपाशी भेटू' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. 1969 च्या हंगामात या संघाने 14 सामन्यांत मिळून फक्त 133 गुण दिले, म्हणजे सामन्याला दहासुद्धा नाहीत. त्यांचा कोच बड ग्रँट मेट्रोपॉलिटन स्टेडियमच्या बर्फाळ साइडलाइनवर हीटर ठेवू देत नसे. चार सुपर बोल, म्हणजे विजेतेपदाचे अंतिम सामने, गाठले आणि चारही हरले, ते दुःख मिनेसोटात अजून ताजं आहे. पेज पुढे मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला. पेज आणि एलर दोघंही कँटन शहरातल्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या मोठ्या खेळाडूंच्या सन्मान दालनात, आहेत.

मार्शल नाही. जून 2025 मध्ये 87 व्या वर्षी तो गेला, तोपर्यंत कँटनमध्ये त्याचा पुतळा बसला नव्हता. यामागे एक कारण असं की सॅकची अधिकृत नोंद लीगने 1982 पासून सुरू केली. त्याआधीच्या लाइनमनच्या खात्यावर क्वार्टरबॅकला पाडल्याचा अधिकृत आकडाच नाही. जुन्या नोंदी चाळून अभ्यासकांनी नंतर मोजणी केली तेव्हा मार्शलचे सॅक सव्वाशेच्या वर निघाले. दुसरं कारण असं की तो सतत पेज आणि एलर यांच्या शेजारी उभा होता. 1971 मध्ये पेज एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू, ठरला, संरक्षक फळीतल्या खेळाडूला हा मान तोवर मिळालाच नव्हता. अशा माणसाशेजारी कोणीही झाकोळून जाणारच. पण ही फळी इतकी वर्षं एकत्र राहिली त्यात उजव्या टोकाला कधी माणूस शोधावा लागला नाही, हे निवड करणाऱ्यांनी कधी मोलाचं मानलं का? ज्या खेळात दर आठवड्याला कोणी ना कोणी जायबंदी होतो, तिथे हजर असणं हाच एक गुण आहे असं मी म्हणते, आणि तो मोजता येतो.

सलग सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांचा त्याचा विक्रम 2009 मध्ये ब्रेट फार्वने मोडला, तोही व्हायकिंग्जचीच जर्सी घालून. फार्वबद्दल मला आदर आहे. तरीही तो क्वार्टरबॅक. त्याला वाचवायला पाच माणसं पुढे उभी असतात, आणि मार्शलचं काम अशा पाच जणांत घुसायचं.

जुन्या मेट्रोपॉलिटन स्टेडियमच्या जागी ब्लूमिंग्टनमध्ये आता मॉल ऑफ अमेरिका आहे. त्या स्टेडियममध्ये बेसबॉलही खेळला जायचा, म्हणून आतल्या फरशीत बेसबॉलची होम प्लेट (फलंदाजापुढची पाटी) बसवलेली आहे, आणि बेसबॉलपटू हार्मन किलब्रूचा होम रन ज्या खुर्चीपर्यंत गेला ती लाल खुर्ची उंच भिंतीवर लावलेली आहे. डिसेंबर 1979 मध्ये बफेलो बिल्सना हरवल्यावर याच जागी सहकाऱ्यांनी 41 वर्षांच्या मार्शलला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेलं होतं. त्यासाठी डोळ्यांत भरेल असं काही मला तिथे दिसलं नाही. एक पितळी पाटी पुरे, 70 नंबर आणि 282 आकडा लिहिलेली.

मुलांना ती 1964 ची क्लिप दाखवणार असाल तर जरूर दाखवा. तिच्यासोबत मिराला दिलेली ती धडक आणि एलरची धावही दाखवा. नंतर सत्तरच्या दशकातला त्याचा कोणताही एक सामना लावा आणि चेंडू सोडून फक्त उजव्या टोकाकडे बघा.