जर्सीतली रानद्राक्षं आणि गुळवेलीची विषारी बहीण

सप्टेंबर लागला की इथे न्यू जर्सीत कॅनॉलच्या कडेच्या झाडांवर, लोकांच्या बॅकयार्डच्या कुंपणांवर काळीनिळी द्राक्षं लटकायला लागतात. वास इतका गोड येतो की आपला नाशिक-सांगलीकडचा माणूस थांबणारच. ही फॉक्स ग्रेप, म्हणजे एफ्रेम बुलने मॅसॅच्युसेट्समध्ये १८४९ च्या सुमारास ज्यातून कॉन्कॉर्ड द्राक्ष काढलं ती जात, आणि आपल्याकडे बागायतदार द्राक्षाचं कलम बांधायला जो डॉगरीज खुंट वापरतात ना तोपण टेक्ससच्या रानवेलीतलाच आहे, त्यामुळे हे तसं ओळखीतलंच खानदान.

पण तोडायच्या आधी मूनसीड नावाची भानगड माहीत पाहिजे. ही गुळवेलीच्याच कुळातली वेल, फळं सेम टू सेम, काळीनिळी, वर तसाच पांढुरका मेणचट थर, घडसुद्धा तसेच. आणि विषारी, लहान मुलांच्या तर जिवावर बेतू शकतं. पान बघा. द्राक्षाच्या पानाला कडेने करवतीसारखे दाते असतात, हिचं पान कडेने गुळगुळीत, आणि देठ पानाच्या अगदी कडेला नाही तर किंचित आत, खालच्या बाजूने चिकटलेला. द्राक्षाला स्प्रिंगसारखे तणावे असतात, हिला नसतातच, ही नुसती गुंडाळत वर चढते.

आता खरी गंमत अशी की या वेली एकाच झाडावर एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणजे पान द्राक्षाचं आणि त्याखाली लटकलेला घड भलत्याचाच असं होऊ शकतं, म्हणून पान बघून समाधान मानायचं नाही, प्रत्येक घडाचा एक मणी नखाने फोडायचा. आत दोन-चार छोट्या, एका टोकाला निमुळत्या बिया असतील तर द्राक्ष. एकच चपटी, चंद्रकोरीसारखी वळलेली बी निघाली तर अख्खा घड फेकून द्या आणि हात धुवा. चव घेऊन बघू वगैरे अजिबात नको.

द्राक्षासारख्या दिसणाऱ्या बाकीच्या दोन वेली ओळखायला सोप्या आहेत. व्हर्जिनिया क्रीपरला पाच-पाच पानांचा पंजा आणि फळांचे देठ लालभडक, खाल्लं तर अळूसारखी घशाला खाज, जास्त खाल्लं तर विषबाधाच. पोर्सिलेन बेरी तर आशियातून शोभेसाठी आणलेली, एकाच घडात निळे, जांभळे, फिरोजी ठिपक्यांचे मणी, काडी चिरली तर गाभा पांढरा, द्राक्षाचा तपकिरी असतो. ती कोणी खायला तोडत नाही, तुम्हीपण नका तोडू.

द्राक्षं तशीच खायला आंबट आहेत, साल जाड, बियाच जास्त. इथले लोक जेली करतात. रस काढून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, तळाशी टार्टरचा, म्हणजे द्राक्षातल्या आंबट क्षाराच्या खड्यांचा, गाळ बसतो तो सोडून वरचा रस घ्यायचा. आमच्याकडे मात्र त्यात गूळ आणि मेथ्या पडल्या, मेथांब्यासारखं झालं, आणि पोळीबरोबर दोन दिवसांत संपलं.