आई-बाबांना मराठी टायपिंग शिकवताना आधी जोडाक्षर फोडून दाखवा

निवृत्तीनंतर आईला किंवा बाबांना लिहायचं असतं. गावाच्या आठवणी, प्रवास, पाककृती, सगळं डोक्यात तयार असतं. मुलं फोनवर मराठी कीबोर्ड सुरू करून देतात, 'आता लिही' म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. आठवड्याभरात वही-पेन परत बाहेर येतं. फोन हाताळणं त्यांना बहुधा जमलेलं असतं, घोडं अडतं ते जोडाक्षरांपाशी. 'स्त्री' आपण हातानं एका दमात काढतो. यंत्राला ती स, ्, त, ्, र, ी अशी सहा तुकड्यांत द्यावी लागते, आणि ही फोड त्यांना कुणी दाखवलेलीच नसते.

म्हणून पहिला धडा कागदावर घ्या. त्यांच्या रोजच्या वापरातले शब्द निवडा: स्वतःचं नाव, आडनाव, गाव, नातवंडांची नावं. प्रत्येक शब्द फोडून लिहा. 'ज्ञानेश्वर' म्हणजे ज ् ञ ा न े श ् व र. 'लक्ष्मी' म्हणजे ल क ् ष ् म ी. पाय मोडायची खूण, म्हणजे ्, कीबोर्डवर कुठे आहे ते आधी दाखवा, कारण निम्मी अडचण तिच्यापाशीच असते. हा कागद महिनाभर तरी टेबलावर राहू द्या.

दोन गोष्टी हाताच्या सवयीच्या उलट जातात. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण टाइप करायची अक्षरानंतर: आधी क, मग ि. उलट केलं की वेलांटीला चिकटलेलं ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं आणि माणूस गोंधळतो. रफाराचं याच्या उलट. तो दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, पण टाइप करायचा त्या अक्षराच्या आधी: 'कर्म' म्हणजे क र ् म. ज्यांनी टाइपरायटरवर मराठी टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या, त्यांना हे जास्त जड जातं. तिथे वेलांटी आधी आणि रफार नंतर मारायची सवय बोटांत मुरलेली असते. त्यांना घाई करू नका आणि मध्येच फोन हातातून घेऊ नका.

खोडतानाही हेच तुकडे दिसतात. 'स्त्री'वर एकदा बॅकस्पेस मारला की फक्त वेलांटी जाते आणि 'स्त्र' उरतो. अक्षर बिघडलं असं वाटून लोक सगळा शब्द पुसतात. जीबोर्ड, म्हणजे गुगलच्या फोन कीबोर्डमध्ये, स्पेसबारवर बोट डावी-उजवीकडे सरकवलं की कर्सर हलतो. थरथरत्या बोटाला मजकुरात नेमक्या जागी टिचकी मारण्यापेक्षा हे कितीतरी सोपं पडतं.

कीबोर्ड कोणता, यावर माझं मत पक्कं आहे. जीबोर्डच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठीसाठी देवनागरी, हस्तलेखन आणि रोमनमधून मराठी असे पर्याय मिळतात. मुलं स्वतः रोमन वापरतात, म्हणून तोच लावून देतात. जन्मभर देवनागरीत लिहिलेल्या माणसाला मात्र तिथे प्रत्येक शब्दाला थांबून निवड करावी लागते: पाणी की पानी, काळ की काल, दिन की दीन. त्याला ते येत असतं, तरी सुचवलेल्या शब्दांत चुकीचा दाबला जातो. देवनागरी कीबोर्ड सुरुवातीला हळू चालतो, पण लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन त्याच्याच हातात राहतं. हस्तलेखन जोडीला असू द्या. अडलेला शब्द बोटानं काढता येतो.

घरात संगणक असेल तर इनस्क्रिप्ट शिकवा. हा कळपाट, म्हणजे कळांवर अक्षरं बसवायची मांडणी, १९९१च्या भारतीय मानकात आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के दाबला की क, शिफ्टसह ख. आयवर ग-घ, एलवर त-थ, एचवर प-फ. पाय मोडायचा तो डीनं. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीत मराठी जोडायची, मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलत राहायची. रोज अर्धा तास सराव झाला तर कळांकडे न बघता लिहिता येऊ लागतं.

आता खास मराठीतली अडचण. 'आचार्यांना बोलावलं' म्हणजे गुरुजी आले, 'आचाऱ्यांना बोलावलं' म्हणजे स्वयंपाकी. साधा र घेऊन पाय मोडला की रफारच होतो. इथे नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ घेऊन पाय मोडायचा आणि मग य. इनस्क्रिप्टवर तो शिफ्ट आणि जे. फोनवर कुठे मिळतो ते तुम्ही आधी शोधून ठेवा, कारण वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, तऱ्हा असे शब्द प्रत्येक पानावर येणारच. 'दुःख'मधला विसर्गही तपासा. पुष्कळजण तिथे इंग्रजी कोलन टाकतात. दिसतं जवळपास तसंच, पण शोधताना तो शब्द सापडत नाही. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, २००८ साली आलं. त्याआधीच्या मजकुरात अ-वर चंद्र दिलेला आढळेल, म्हणून शोधताना दोन्ही रूपं टाकून बघा.

मराठीत बोलून टाइप करायची सोय गुगलनं २०१७ साली आणली. आठवणींसाठी ती छान आहे, माणूस सांगतो तशी भाषा कागदावर उतरते. पंखा बंद करा, एका वेळी एकच परिच्छेद बोलायला सांगा. विरामचिन्हं बहुधा येत नाहीत, आडनावं आणि गावांची नावं चुकतात. म्हणून बोलून झालं की लगेच एक फेरी विरामचिन्हांची आणि दुसरी नावांची. उद्यावर टाकलं तर वाक्य कुठे तुटत होतं ते आठवत नाही.

बाबांकडे ऑफिसातल्या काळातल्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या फाइली असतील तर त्या पुन्हा टाइप करायला लावू नका. त्या फॉन्टांत दिसतं मराठी, पण आत संकेत रोमन अक्षरांचे असतात. म्हणून मजकूर दुसरीकडे चिकटवला की अगम्य चिन्हं येतात. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणा आणि मग रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्य एवढं डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टांत यांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे बिघाड नेमका तिथेच होतो.

लिहायचं ते गुगल डॉक्समध्ये, मेसेजच्या चौकटीत नको. तिथला मजकूर चुकून पाठवला जातो किंवा पुसला जातो. फाइल तुमच्याशी शेअर करून घ्या, पण 'संपादन' ऐवजी 'टिप्पणी'ची परवानगी घ्या. चूक दिसली तर बाजूला लिहा, दुरुस्ती त्यांनाच करू द्या. आणि जीबोर्डमधली आपोआप दुरुस्ती बंद करा. आजीच्या तोंडचं 'व्हता', 'न्हाई', 'लेकरू' जसंच्या तसं लिहायचं असताना कीबोर्डनं ते बदलून टाकणं कुणालाच नको असतं.