मुंडीपासून कवटी: खरं काम चरबीचं

बोकडाच्या मुंडीची कवटी साफ करून घरी ठेवायची, तर ती पांढरी होते ती हायड्रोजन पेरॉक्साइडने, असा बहुतेकांचा समज असतो. पेरॉक्साइडचं काम शेवटच्या एक-दोन दिवसांचं. त्याआधी तीन ते पाच आठवडे चरबी काढली नसेल, तर आज दुधासारखी दिसणारी कवटी पहिल्याच पावसाळ्यात पिवळी पडते, बोटाला चिकट लागते आणि धूळ धरते.

सुरुवात खाटकाकडून. ठाण्यातल्या येऊरला फिरायला गेलात आणि हाड दिसलं तर तिथेच राहू द्या. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ वन्यप्राण्यांच्या हाडांनाही लागू आहे. रस्त्यावर मेलेलं जनावरही नको, ते कशाने मेलं ते कळत नाही. बोकडाची मुंडी मात्र गल्लोगल्ली मिळते. फक्त ती बहुतेक वेळा भाजून, मधोमध फोडून देतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा: न भाजलेली, न फोडलेली, सोलून. शक्यतो चार दाती जनावराची, म्हणजे पुढचे चार पक्के दात आलेल्या, साधारण दोन वर्षांच्या. आदत, म्हणजे अजून पुढचे दुधाचेच दात असलेल्या बोकडाच्या कवटीच्या शिवणी कच्च्या असतात, पाण्यात हाडं सुटी होतात आणि मग जुळवत बसावं लागतं.

उकळू नका. घाईपोटी सगळ्यात जास्त कवट्या इथेच वाया जातात. उकळत्या पाण्यात चरबी वितळून हाडात आणखी खोल मुरते, हाड धरून ठेवणारं कोलॅजन विरघळतं, दात ढिले होतात. नाकाच्या आत कांद्याच्या सालीइतकी पातळ हाडाची गुंडाळी असते, तीही तुटते.

त्याऐवजी मांस कुजू द्यायचं. डोळे, जीभ, सुटेल तेवढं मांस सुरीने काढा. भेजा मागच्या मोठ्या छिद्रातून वाकवलेल्या तारेने ढवळून पाण्याने बाहेर काढा, नाहीतर सगळ्यात जास्त वास त्याचाच येतो. मुंडी प्लॅस्टिकच्या बादलीत पूर्ण बुडवा. मीठ, साबण, फिनेल काही नको, कारण काम जिवाणू करतात आणि त्यांना ३० ते ३५ अंशांचं पाणी मानवतं. मार्च ते मे ठाण्यात तेवढी उष्णता फुकट मिळते. थंडीत बादलीत मत्स्यपेटीचा हीटर सोडावा लागतो. झाकण ठेवा पण घट्ट दाबू नका, आत वायू साठतो. माश्यांसाठी वर जुनं सुती कापड बांधा. चार-पाच दिवसांनी अर्धंच पाणी बदला. सगळं बदललं तर जिवाणूही जातात. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. संडासात ओतून दोनदा फ्लश करा, नाहीतर डक्टमधून वास वरच्या मजल्यापर्यंत जातो आणि सोसायटीत बोलणं होतं. हातमोजे आणि मास्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत हवेत.

शिंगं असतील तर आठवडाभरात वरचं कवच सैल होतं. पिळून ओढलं की निघतं, आत हाडाचा गाभा राहतो. कवच धुऊन वेगळं सुकवा, पेरॉक्साइडमध्ये कधीच घालू नका, रंग जातो.

दोन-तीन आठवड्यांत मांस गळून जातं. पाणी ओतताना खाली बारीक गाळणी धरा, दात त्यातच सापडतात. पूर्ण वाढलेल्या बोकडाचे ३२: खालच्या जबड्यात पुढे ८, बाकी २४ दाढा. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, ते शोधू नका. खालचा जबडाही दोन तुकड्यांत सुटतो. तोही तुटलेला नसतो, समोरचा तो सांधा हाडाने जुळलेलाच नसतो.

आता चरबी. हाताला सोसेल इतकं गरम पाणी, पाच लिटरला दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड, आणि बादली उन्हात. वर तेलाचा तवंग आला, पाणी गढूळ झालं की बदला, साधारण तीन-चार दिवसांनी. आठवडाभर पाणी स्वच्छ राहिलं की कवटी दोन दिवस सावलीत सुकवून बघा. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात किंवा शिंगांच्या बुडाशी मेणकापडासारखे पिवळट, अर्धपारदर्शक डाग दिसले तर पुन्हा बादलीत. बोकडाला तीन ते पाच आठवडे धरून चला. डुकराच्या कवटीला कितीतरी जास्त लागतात.

मग पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळणारं २० व्हॉल्यूमचं म्हणजे साधारण ६ टक्के. त्यात तितकंच पाणी मिसळलं की ३ टक्के. कवटी जेमतेम मावेल असा प्लॅस्टिकचा डबा घ्या, म्हणजे औषध कमी लागतं. धातूचं भांडं नको, त्याने पेरॉक्साइड लवकर फुकट जातं. बुडबुड्यांनी कवटी वर येते आणि पाण्याबाहेर राहिलेला भाग पिवळाच राहतो, म्हणून वर काचेची ताटली ठेवा. इथेही झाकण घट्ट नको. २४ ते ४८ तास पुरे. ब्लीच वापरायचा मोह होतो, कारण स्वस्त आणि झटपट. पण ते कोलॅजनच खातं, आणि काही महिन्यांनी हाड खडूसारखं भुगा होऊन बोटावर येतं.

एक दिवस साध्या पाण्यात ठेवा, मग पंख्याखाली जाळीवर आठवडाभर. कडक उन्हात ठेवलं तर दातांना चिरा जातात. जबड्याचे दोन भाग आणि सुटे दात फेविकॉलने बसवा, पण हाड पूर्ण सुकल्यावरच. दमट हाडावर तो धरत नाही.