पट्टी एक, खाती अनेक

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या एका अडत्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं, तेव्हा टीममध्ये जवळजवळ सगळ्यांचा कल मोंगोडीबीकडे होता, म्हणजे टेबलांऐवजी मोकळ्या घडणीच्या ‘डॉक्युमेंट’मध्ये माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसकडे. दुसरा पर्याय पोस्टग्रेस, पक्क्या टेबलांचा डेटाबेस. त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, मालागणिक बदलते. पालेभाजी जुड्यांच्या शेकड्यावर, बटाटा गोणीच्या वजनावर, डाळिंब प्रतवारी लावून क्रेटवर. हे सगळं एकाच टेबलात कोंबलं तर निम्मे रकाने रिकामेच राहणार. डॉक्युमेंटमध्ये प्रत्येक पट्टी आपापल्या घडणीत सुखाने राहते.

मी म्हटलं, ठरवण्याआधी गाळ्यावर एक दिवस बसून येतो. माहिती कशी दिसते ते आपल्याला कळलंय, तिला कोण काय विचारतं ते बघायचं राहिलंय.

पहाटे बटाट्याची गाडी लागली. एका शेतकऱ्याच्या गोण्या चार खरेदीदारांनी वाटून घेतल्या, दर वेगवेगळे. दिवाणजींनी वहीत चार ओळी ओढल्या, हमाली-तोलाई मांडली. तासाभराने शेतकरी येऊन म्हणाला, ‘‘काका, माझी पट्टी दाखवा.’’ या प्रश्नाला डॉक्युमेंट डेटाबेससारखं उत्तर दुसरं कोणी देणार नाही. एक डॉक्युमेंट वाचलं की झालं.

पण दिवसभरात हा प्रश्न विचारणारे फक्त शेतकरीच होते. मालक सारखे विचारत होते, ‘‘त्या मंडईवाल्याकडं किती थकलंय?’’ ही बाकी कुठल्याच एका पट्टीत नसते. ती कित्येक शेतकऱ्यांच्या पट्ट्यांमधल्या एकेका ओळीतून गोळा होते. हमालांच्या मुकादमाला आजच्या गोण्यांचा हिशेब हवा होता. तोही सगळ्या पट्ट्यांना आडवा छेद देणारा.

दुपारी एक खरेदीदार परत आला. दोन गोण्यांच्या तळाशी सडका माल निघाला होता. घासाघीस होऊन दर उतरला. दिवाणजींनी पट्टीतली ओळ खोडली, खरेदीदाराच्या खात्यावर गेले, तिथली रक्कम खोडली, मग अडतही पुन्हा काढली, कारण 2016 पासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतात. एक दर बदलला आणि तीन ठिकाणी शाई लागली. यातली एक जागा जरी सुटली, तरी कोणा ना कोणाचे पैसे बुडणार. माझ्या मते निवड तिथेच पोस्टग्रेसच्या बाजूने झाली.

टीमपुढे मी हाच प्रसंग ठेवला. मोंगोडीबीत हे जमत नाही असं नाही. अनेक डॉक्युमेंट एकत्र बदलणारी ट्रान्झॅक्शन 2018 च्या 4.0 आवृत्तीपासून आहेत, दोन कलेक्शन, म्हणजे डॉक्युमेंटचे गठ्ठे, जोडायचं लुकअप त्याच्याही आधीपासून. पण आमच्या कामात जवळपास प्रत्येक व्यवहाराला हे दोन्ही लागणार होतं. खरेदीदाराचं खातं त्याच्याच डॉक्युमेंटमध्ये ओळी वाढवत ठेवावं, तर ते वर्षानुवर्षं फुगतच जाणार, आणि एका डॉक्युमेंटला मर्यादा 16 एमबीची. शिवाय खात्यात नसलेल्या खरेदीदाराच्या नावावर ओळ पडूच नये, ही राखण पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की, म्हणजे दोन टेबलांना बांधणारा नियम, करते. ती पैशाच्या कामात प्रोग्रामरच्या शिस्तीवर सोडायला माझी तयारी नव्हती.

‘‘मग पालेभाजी नि डाळिंबाचं काय?’’ सहकाऱ्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. पोस्टग्रेसमध्ये 2014 च्या 9.4 आवृत्तीपासून जेसनबी आहे, म्हणजे टेबलातल्याच एका रकान्यात मोकळ्या घडणीची माहिती ठेवायची सोय. शेतकरी, खरेदीदार, ओळ, रक्कम यांची टेबलं पक्की ठेवली. रक्कम न्यूमेरिक या अचूक दशांश प्रकारात, म्हणजे पैशापैशाचा हिशेब जुळतो. आणि जुडी, क्रेट, प्रतवारी असला मालागणिक बदलणारा तपशील जेसनबीच्या एका रकान्यात. त्यावर जिन इंडेक्स, म्हणजे आतल्या तपशिलाची सूची, लावला की ‘एक नंबरचं डाळिंब’ असा शोधही झटकन लागतो.

नुसत्या पट्ट्या छापून द्यायच्या असत्या, तर मीसुद्धा मोंगोडीबीलाच कौल दिला असता. दिवाणजींना पहिला नमुना दाखवला तेव्हा त्यांनी पट्टी उघडलीच नाही. थेट खरेदीदाराचं नाव टाकलं, बाकी पाहिली आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघायला चष्मा चढवला.