शंटचं पाणी आणि उशिरा उगवणारा जंतू

"मॅडम, ४८ तास झाले, ग्रोथ नाही. फायनल करून टाकू?" मायक्रोबायोलॉजी लॅबमधल्या रेसिडेंटने मला विचारलं.

"नको. शंट टॅप आहे. आत्ता इंटरिम रिपोर्ट दे, ब्रॉथ १४ दिवस ठेवायचा." शंट टॅप म्हणजे शंटच्या नळीतून सुईने काढलेलं पाणी; ब्रॉथ म्हणजे जंतू वाढवायचं द्रव. फॉर्मवर 'शंट' लिहिलं होतं म्हणून एवढी मुदत. नुसतं 'सीएसएफ', म्हणजे मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी, एवढंच आलं असतं तर तो नमुना ठरल्या मुदतीत टाकून दिला गेला असता.

मुलगी भांडुपची, शाळेत जाणारी. डोक्यात साचणारं पाणी पोटात सोडणारी नळी, म्हणजे व्हीपी शंट, काही महिन्यांपूर्वीच बदललेली. ताप नाही. पोट दुखतं म्हणून घरच्यांनी आधी पोटाचीच औषधं दिली. नळीचं खालचं टोक पोटात असतं, त्यामुळे संसर्ग झाला की कधी कधी आधी पोटच दुखतं, हे कुणी सांगितल्याशिवाय आईवडिलांना कसं कळणार?

त्या पाण्यात पेशी जेमतेम वाढलेल्या, साखर ठीक, ग्रॅम स्टेन (रंग देऊन जंतू बघायची स्लाइड) कोरा. एरवी एवढ्यावर मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची, शंका मावळते. शंटमध्ये नाही. जंतू टाकीतल्या शेवाळासारखे नळीला आतून चिकटून बसतात. पाण्यात थोडेच उतरतात. कमरेतून काढलेल्या पाण्यात तर अनेकदा सापडतच नाहीत. म्हणून डोक्याच्या कातडीखालच्या रिझर्व्हॉयरमधून, म्हणजे शंटच्याच छोट्या कप्प्यातून, नमुना हवा, आणि तोही शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी. न्यूरोसर्जरीने दोन्ही पाळलं होतं. याचं मला फार मोल आहे.

आठवड्याभराने अनॅरोबिक, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ठेवलेला, ब्रॉथ गढुळला. स्लाइडवर ग्रॅम पॉझिटिव्ह, वेड्यावाकड्या काड्या: क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस.

"हा तर कातडीवरचा. कंटॅमिनेशन असेल," फोनवर न्यूरोसर्जरीचे सर म्हणाले. शंका रास्तच होती; जंतू वाढवायच्या प्लेट्स कोऱ्या, वाढ फक्त ब्रॉथमध्ये. पण शंटमध्ये हाच कातडीवरचा जंतू खरा गुन्हेगारही असतो. "सर, अजून एक टॅप पाठवा." त्यांनी लगेच पाठवला. त्यातही तोच उगवला. मग शंट काढला, बाहेरून ड्रेन लावला, शिरेतून औषध सुरू झालं. काढलेल्या नळीच्या टोकावरही तोच.

पुढचे कल्चर स्टराइल राहिल्यावर नवा शंट बसला. आई लॅबच्या खिडकीशी आली. "मॅडम, परत नाही ना होणार?"

"नाही असं वचन देता येत नाही, ताई. पण उलट्या, डोकेदुखी, सुस्ती, पोटदुखी, नळीच्या वाटेवर लाली, काहीही दिसलं तर सरळ इथे या. ताप नसला तरी. आणि मधे कुणाकडून अँटिबायोटिक घेऊ नका. मग जंतू दबतो आणि आम्हाला सापडत नाही."

तिने ते सगळं मुलीच्या फाइलच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.