आमची वाटचाल : नाटकाच्या ड्रेपरीपासून अवकाशयानाच्या गणवेशापर्यंत

नाटकांना ड्रेपरी भाड्याने देण्यापासून वडिलांनी गिरगावात आमच्या व्यवसायाची सुरुवात केली. मावळ्यांचे अंगरखे, पेशवाई पगड्या, पौराणिक नाटकांतले शेले आणि मुकुट हा आमचा मूळ माल होता, आणि स्नेहसंमेलनांच्या मोसमात आजही त्याच्यावरच आमची मोठी भिस्त असते. पुढे मालिकांची कामे मिळू लागली. १९९८ साली दूरदर्शनवर मिलिंद सोमण यांची ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाली. ते काम आमचे नव्हते, पण आमच्या कारागिरांनी ती मालिका केवळ कपड्यांसाठी मन लावून पाहिली. विज्ञानकथेतल्या पोशाखांचे काम आपणही करावे, ही इच्छा तेव्हापासूनची.

या कामातली खरी अडचण शिवणाची नाही. अंगरखा घालून माणसे पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावर बसली, शेतात राबली. त्याच्या कळ्या, म्हणजे सैलपणासाठी जोडलेले कापडाचे तुकडे, कुठे हव्यात आणि बंद कुठे, हे वापरातूनच ठरत गेले. भविष्यातला पोशाख मात्र अजून कोणीच वापरलेला नसतो. तो कागदावर कितीही देखणा दिसला, तरी बारा तासांच्या शिफ्टमध्ये कलाकाराला त्यात बसायचे, पळायचे आणि जेवायचे असते, याचा विचार शिवणाऱ्यालाच करावा लागतो.

परदेशातल्या मोठ्या निर्मितीही यातून सुटलेल्या नाहीत. १९६६ साली सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अवकाश-मालिकेतले वेलूरचे, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचे, सदरे धुलाईत आटत, म्हणून तिसऱ्या पर्वात नायलॉनचे विणीव कापड आले, कप्तानाच्या सदऱ्याचा मूळ हिरवट रंगही दिव्यांखाली पडद्यावर सोनेरी दिसे. तिच्याच पुढच्या, १९८७च्या ‘नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेत वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी स्पॅन्डेक्सचे अंगाला घट्ट बसणारे वन-पीस गणवेश दिले. दिवसभर ताणलेल्या त्या कापडाने खांदे आणि पाठ दुखते, अशी कप्तानाची भूमिका करणाऱ्या पॅट्रिक स्ट्युअर्ट यांच्यासह कलाकारांची तक्रार होती. तिसऱ्या पर्वापासून रॉबर्ट ब्लॅकमन यांनी प्रमुख पुरुष पात्रांसाठी लोकरी गॅबर्डिनचे दोन भागांतले गणवेश आणले. बसता-उठता स्ट्युअर्ट त्याचा वरचा भाग खाली ओढून सरळ करत, आणि ती लकब प्रेक्षकांच्या इतकी लक्षात राहिली की पात्राच्या रुबाबाचाच भाग झाली. हे उदाहरण मी नव्या कारागिरांना आवर्जून सांगतो, कारण गणवेश बदलल्याने त्या मालिकेतले भविष्य कुठेच उणे झाले नाही, उलट कलाकार मोकळेपणाने वावरू लागले.

आमच्याकडे वन-पीसची मागणी आली, तर आम्ही तो कमरेवर दोन भागांत कापतो आणि जोड रुंद पट्ट्याखाली झाकतो. कॅमेऱ्याला तो सलगच दिसतो, पण कलाकाराला प्रसाधनगृहात जाताना मदतनिसाची गरज पडत नाही, आणि स्त्री कलाकारांसाठी तर ही प्रतिष्ठेची बाब आहे, असे मी मानतो. बगलेत कळी घालतो, म्हणजे हात वर नेला की पूर्ण पोशाख वर ओढला जात नाही. माइकच्या ट्रान्समीटरसाठी कमरेमागे आतून कप्पा असतो. चंदेरी कापडाला सुती अस्तर लावतो, कारण मुंबईच्या दमटपणात नुसते कृत्रिम कापड अंगावर सोसवत नाही. कापड घेण्याआधी मास्टर ते कानाजवळ चोळून पाहतात. सळसळणारे कापड संवादांत ऐकू येते, म्हणून ते कितीही चमकदार असले तरी परत जाते. मागचे दृश्य नंतर संगणकावर भरता यावे म्हणून हिरव्या पडद्यापुढे काम असेल, तर आरशासारखी चकाकी आम्ही आधीच नाकारतो, कारण तिच्यात हिरवा रंग उतरतो.

एकाच पात्रासाठी एकसारखे दोन-तीन संच कशाला, असा प्रश्न निर्माते हटकून विचारतात. मारामारीच्या दृश्यासाठी स्टंट करणाऱ्याच्या मापाचा एक संच लागतो, एक धुलाईत असतो आणि एक जवळच्या दृश्यांसाठी स्वच्छ राखावा लागतो. खर्च वाढतो हे खरे, पण घामाचे डाग वाळेपर्यंत चित्रीकरण थांबले तर त्याहून अधिक पैसा जातो.

सध्या आम्ही शिरस्त्राणांवर काम करत आहोत. श्वासाने काचेवर वाफ धरते, म्हणून आत छोटा पंखा बसवला, पण त्याची घरघर माइकमध्ये येते. तेव्हा संवादाच्या वेळी तो बंद करता यावा यासाठी त्याचे बटण हातमोज्याच्या आत आणले आहे. फोमच्या चिलखतांची पुढची ट्रायलही आता कलाकाराला खुर्चीत बसवून, जिना चढवून आणि संवाद म्हणायला लावूनच घेणार आहोत.